बांधावरचा जगरा

२१ ऑगस्ट १९७६, शनिवार. पोळा चार दिवसांवर आला होता आणि मी गुरांच्या कोठ्यात बसून गोवऱ्या निवडत होते. पावसाळ्यात वरून कोरडी दिसणारी गोवरी आतून ओली असू शकते. ती नुसती धुपते, पेटत नाही. दोन गोवऱ्या एकमेकींवर आपटल्या की आवाजावरून कळतं. खणखणीत वाजली ती उजवीकडे, भदभद वाजली ती डावीकडे. रविवारी आमच्या तलावावर साठ माणसं रोडगे खायला येणार होती. धुपणाऱ्या गोवऱ्यांचा जगरा केला की रोडगे बाहेरून काळे होतात, आतून कच्चे राहतात, आणि नाव सुनेचं निघतं.

'तलाव' हा शब्द सासऱ्यांचा. आमच्याच शेतातून जाणाऱ्या नाल्याला त्यांनी एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आडवा बांध घातला होता. दीडशे पावलं लांब, दोन पुरुष उंच, सगळी माती, आणि पाण्याच्या अंगाला दगडांचा थर. त्यात सरकारचा एकही दगड नाही, हे ते पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या देण्याआधी सांगत. बांध घातला ओलितासाठी. त्याच पावसाळ्यात बांधाखालच्या जमिनीत मी दीडशे संत्री लावली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. बांधामागे भेगा पडलेली जमीन होती, आणि मी विहिरीच्या तळातून घागरी ओढून ती झाडं जगवत होते. शहात्तर साली ती पाच वर्षांची झाली होती. पुढच्या मृगात पहिला बहार धरायचा होता.

माझे यजमान मानोऱ्याला कचेरीत कारकून. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. त्यामुळे शेती माझ्याकडे होती आणि शेतीची कीर्ती मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे.

दुष्काळानंतरच्या पावसात तलाव भरला. लोकांच्या डोळ्यांना पाण्याची इतकी भूक होती की कामरगावहून, कारंज्याहून सोयरेधायरे नुसतं पाणी पाहायला येऊ लागले. आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून रोडगे सुरू झाले. रोडगे आहेत म्हणून आणखी माणसं येऊ लागली. मग मामाजींनी पाण्यापर्यंत फरशीच्या पायऱ्या केल्या. ट्रकच्या दोन ट्यूबा हवा भरून, त्यांवर फळ्या बांधून 'बोट' तयार केली. तीत एका वेळी दोन माणसं बसत आणि चार भिजत. तालुक्याचे एक साहेब सपत्निक बसून गेल्यावर मामाजींनी नियम केला की तलावातलं पाणी सोडायचं नाही. पाहुण्यांना भरलेला तलाव आवडतो. तेव्हापासून ओलितासाठी बांधलेला तलाव भरलेला दिसावा म्हणून आम्ही ओलीत विहिरीवरून करू लागलो.

आता जगऱ्याबद्दल. वाळल्या गोवऱ्या रचून पेटवायच्या, निखारे झाले की त्यात कणकेचे घट्ट गोळे पुरायचे आणि तासभर विसरून जायचं. याला जगरा म्हणतात. वारा लागू नये म्हणून त्यासाठी हातभर खोल खड्डा घेतला तर बरं. आमची जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यावर पाय ठेवला की चप्पल जमिनीची होते. कोरडी जागा एकच, बांधाचा माथा. पहिल्या वर्षी सगळ्यांना तिथे मीच नेलं. लुगड्याला चिखल लागत नाही, वारा चांगला, पाणी दिसतं. जुना खड्डा राखेनं भुसभुशीत झालेला असे, म्हणून दर वेळी त्याच्या शेजारी नवा खणायचा आणि जुन्यावर माती ओढायची, कोणाचा पाय भाजू नये म्हणून. असे चार पावसाळे. ही अक्कल माझी होती, ती दुसऱ्या कोणावर ढकलण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे कामाला गावातलीच एक बाई होती. दुष्काळात ती सरकारी तलावाच्या मातीकामावर दीड वर्ष होती आणि तिथे तिनं बांध या विषयाचं जे शिक्षण घेतलं ते आमच्या घरात कोणाकडेच नव्हतं. तिनं दोन वर्षांपूर्वीच मला विचारलं होतं.

"बाई, बांधावर चूल मांडते काय कोनी?"

"काहून? काय होते?"

"आमच्या कामावर टोपल्यात गवताची मुळी सापडली त मुकादम अख्खं टोपलं फेकून देये. अन् तुमी त राख भरून राह्यल्या."

"तो सरकारी बांध होता," मी म्हटलं होतं. "हा घरचा हाये."

जणू पाणी आधी सातबारा बघतं आणि मग जोर लावतं.

तर त्या शनिवारी मी गोवऱ्या वाजवत असताना ती बागेतून आली. पिंढऱ्यांपर्यंत चिखल.

"बाई, संत्र्याच्या वरच्या ओळीत पानी हाये."

"पावसाचं असन."

"पाऊस येऊन पाच दिस झाले. उठा."

मी उठले. बांधाच्या पायथ्याशी, बागेच्या अंगाला, गवतातून बोटाएवढी धार येत होती. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि माझ्यापुढे केलं. ते चहासारखं होतं.

"साफ पानी झिरपलं त बांधाले घाम आला म्हना. गढूळ आलं म्हंजे तो आतून माती वाहून राह्यला." तिनं हात झटकले. वर चढत गेलो तसतशी ती काठीनं गवत बाजूला करत होती. मूठ जाईल एवढी भोकं, दर दहा पावलांवर एक. भोकांच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती. "घुशी. तुमच्या रोडग्याचा चुरा खाऊन खाऊन मांजराएवढ्या झाल्या असतीन. राखेत घर कराले सोपं जाते. वरून शिरल्या, कुठी निघाल्या, त्यायलेच माहीत."

मी बागेकडे पाहिलं. दीडशे झाडं, प्रत्येकाला किती घागरी घातल्या ते मी कधी मोजलं नव्हतं, पण खांद्याला माहीत होतं. बांध गेला तर पाणी पहिलं तिथेच जाणार होतं. दुसरा रस्ता त्याला नव्हता.

मामाजी ओसरीवर बारा वाजताच्या गाडीसाठी तयार होऊन बसले होते. ते कारंज्याला तूप आणायला चालले होते. तिथे नातलगाकडे मुक्काम करून रविवारी सकाळी साहेबांच्या जीपमधून परतणार होते.

"मामाजी, बांध पाझरून राह्यला. पानी सोडा लागते."

"सोमवारी सोड."

"गढूळ येऊन राह्यलं."

"पावसाळ्यात काय गंगाजल येते? उद्या साहेब बोटीत बसाले येऊन राह्यले, अन् तू आज पानी सोडतं? बोट काय चिखलात चालवू?"

"सोमवारपर्यंत थांबशीन काय, हे बांधाले इचारा लागंल."

"पाच वर्सं उभा हाये थो. तुह्या बापाच्या घरी तलाव होता काय, मले शिकवाले?"

"नव्हता. म्हनून त इथला वाचवा म्हन्ते."

त्यांनी छत्री उचलली. दारातून वळून म्हणाले, "बुचाले हात लावू नको," आणि गेले.

बूच म्हणजे सागाचा ठोकळा. बांधाच्या आतल्या अंगाला एक दगडी कुंडी होती. कुंडीच्या तळाशी बांधाखालून बागेकडे जाणारा सिमेंटचा पाइप होता आणि पाइपाच्या तोंडात हे बूच, साखळी लावलेलं. दोन वर्षांत कोणी ते ओढलं नव्हतं. मी आधी फावडं घेऊन पाइपाच्या बाहेरच्या तोंडापासून पाट नाल्याकडे वळवला, नाहीतर बाग वाचवताना मीच बुडवली असती. मग बाईनं आणखी चौघींना हाक मारली. साखळीला दोर बांधला, कुंडीवरच्या आडव्या लाकडी बल्लीवरून घेतला आणि आम्ही सहाजणी ओढू लागलो.

पहिल्या झटक्यात काही झालं नाही. दुसऱ्यात बल्ली करकरली.

"माय व, हे त सासऱ्यासारखं घट्ट बसलं," एक जण म्हणाली.

"तुह्या सासऱ्यासारखं का बाईच्या?"

"ओढा मुकाट्यानं," मी म्हटलं.

तिसऱ्यात बूच सुटलं आणि आम्ही सहाही जणी पाठीवर पडलो. पाइपातून आधी कुजका वास आला, मग पाणी आलं. दोन वर्षं फक्त पाहिलेलं पाणी ते. असा आवाज करतं हे मी विसरले होते.

संध्याकाळी यजमान आले. पाय धुता धुता त्यांनी कान दिला.

"हा कायचा आवाज येऊन राह्यला?"

"तलाव सोडला."

"बाबाले इचारलं?"

"इचारलं."

"मंग?"

"नाई म्हनाले."

त्यांनी टॉवेलनं पाय पुसले, एक एक बोट सावकाश. "मी आज उशिराच्या गाडीनं आलो," ते म्हणाले, "मले काई माहीत नाई." कचेरीत माणूस उगाच इतकी वर्षं टिकत नाही.

रविवारी दहा वाजेतो पाणी छातीभर उतरलं होतं. पायऱ्या चिखलात संपत होत्या. बोट एका कुशीवर कलंडली होती. चिखलात मासे तडफडत होते आणि श्रावण चालू असल्यामुळे गावातली निम्मी माणसं काठावर उभी राहून त्यांच्याकडे फार धार्मिक चेहऱ्यानं बघत होती. जीप आली. मामाजी पुढे बसले होते, मांडीवर तुपाचा डबा. त्यांनी तलाव पाहिला, मग मला पाहिलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ते खाली उतरले.

"या साहेब. पोळ्याच्या आधी तलाव निम्मा रिकामा करा लागते. गाळाले हवा पाह्यजे."

"अगदी शास्त्रीय," साहेब म्हणाले. ते कोणत्या खात्याचे होते ते मला आजही ठाऊक नाही, पण गाळाचं नक्की नव्हतं. साहेबांच्या पत्नीनं बोटीकडे पाहून सुटकेचा श्वास सोडला. मामाजी माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "संध्याकाळी पाह्यतो तुले."

मी कणीक मळत होते. सकाळीच मी गोवऱ्या चिंचेखाली नेऊन ठेवल्या होत्या आणि तिथला चिखल झाकायला दोन गाड्या मुरूम टाकून घेतला होता. मामाजींनी ते पाहिलं.

"जगरा तिकडं काहून?"

"बांधावर नको म्हटलं, मामाजी."

"दरसाल बांधावर असते."

"म्हनूनच नको."

आता साठ माणसं ऐकत होती. तलाव गेला होता, बोट गेली होती. निदान जगरा तरी मालकाच्या जागी पाहिजे होता. त्यांनी दोघा पुतण्यांना हाक मारली, छत्रीच्या टोकानं बांधाच्या मधोमध जागा दाखवली आणि खड्डा खणायला लावला. मी निम्मी कणीक त्यांच्याकडे दिली. उरलेल्या निम्म्या कणकेचा जगरा चिंचेखालीच लावला. वाद मिटवायची ही एक पद्धत आहे, त्यात कोणी उपाशी राहत नाही.

बांधावरचा जगरा छान पेटला. निखारे झाले, पुतण्यांनी रोडगे पुरले, वरून निखारे ओढले आणि विडी ओढायला बसले. माणसं बांधावर फेऱ्या मारत होती. मी कोहळ्याच्या भाजीला फोडणी देत होते, चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या तिघांसाठी. एवढ्यात बांधाच्या खालच्या अंगाला उभ्या असलेल्या साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "अगं बाई, इथे कोणी उदबत्ती लावलीये का?"

बांधाच्या उतारावर गवतातून धुराची बारीक रेघ वर येत होती. मग पाच पावलांवर दुसरी. मग पायथ्याशी, जिथून काल धार येत होती, तिथून तिसरी. बांध देवघरासारखा धुपू लागला. माणसं आधी हसली. कोणीतरी हात जोडलेही.

बांधावरचा एक पुतण्या ओरडला, "काका, जगरा खाली चालला!"

तो खरोखर चालला होता. निखारे मधून खचले, खळगा झाला, आणि तीसेक रोडगे एकामागून एक त्यात घरंगळून दिसेनासे झाले. वाफ आली, चरचर आवाज आला, धुराचा लोट उठला आणि उतारावरच्या भोकांतून घुशी बाहेर पडल्या. पाच-सहा असतील, खरोखरच मांजराएवढ्या. त्या पाहुण्यांच्या पायांमधून बागेकडे पळाल्या. साठ माणसांनी एकदम बांध सोडला. साहेब सगळ्यांत आधी जीपमध्ये दिसले.

माझ्याकडची बाई मात्र पाण्याच्या अंगाला उतरली होती. "मोठे बाबा," तिनं मामाजींना हाक मारली, "इकडं पाहा."

दगडांवर कालच्या पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती, खाली काळं, वर पांढरं. त्या रेघेच्या हातभर खाली, दोन दगडांच्या फटीतून धूर निघत होता. संथ, निळा, चुलीसारखा.

कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. या अंगाला भोक, त्या अंगाला भोक, आणि काल दुपारपर्यंत मध्ये पाणी होतं. मामाजी छत्री टेकून त्या धुराकडे बघत राहिले. नंतर त्यांनी मान वळवून खालच्या संत्र्यांकडे पाहिलं, वरच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी त्यांना ती बाग इतका वेळ पाहताना कधी पाहिलं नव्हतं.

मग ते पाहुण्यांकडे वळले.

"म्हनूनच त काल पानी सोडाले लावलं," ते म्हणाले.

चिंचेखालचे रोडगे चांगले झाले होते. पंगत बसली. पहिल्या वाढीला मामाजींना शंका आली होती. दुसऱ्या वाढीला त्यांनी बांधाला कान लावून पाहिला होता. वरण-भातापर्यंत त्यांनी आठ दिवस आधीच हेरलं होतं आणि सुनेला बजावून कारंज्याला गेले होते. "बाबा, तुमाले या वयातबी काय नजर हाये!" सोयरे म्हणाले. यजमान खाली मान घालून रोडगा कुस्करत होते. बाई माझ्याकडे बघत होती. मी तुपाचा गडवा घेऊन वाढत होते, आणि हातात तूप असताना माणसानं वाद घालू नये. साडी खराब होते.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मामाजी चुलीपाशी आले. 'पाह्यतो तुले' ते विसरले असावेत.

"बागेत पानी घुसलं काय?"

"नाई. पाट नाल्यात काढला होता."

"बरं केलं." मग चुलीतलं लाकूड आत सारून, "तशी भोकं आनखी किती असतीन?"

"खनल्याशिवाय कसं सांगू?"

"किती खना लागंल?"

"राख लागंल तिथवर. सगळीकडं."

"म्हंजे पाऊस संपेतो तलाव रिकामा ठेवा लागंल."

"ठेवा लागंल. पन बांध राह्यला त पुढच्या साली भरंल. आता बांधच गेला त काय भरान?"

"मानसं बोलावतो."

"बाया सांगितल्या मी."

"मंग इचारतं कायले," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं, पण ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, यजमान पहाटेच्या गाडीनं मानोऱ्याला गेले आणि उजाडल्यावर आम्ही सातजणी बांधावर गेलो. पूर्वेच्या टोकापासून सुरुवात केली, कारण पहिल्या वर्षी मी पहिला खड्डा तिथेच घ्यायला सांगितला होता. बाईनं पहार मारली. माती दाबून बसली असेल तिथे ती टणकते, राख असेल तिथे नुसती जाते. जाईल तिथे खणायचं. राख निघेल ती घमेल्यात भरून आम्ही बागेत संत्र्यांच्या बुडाशी टाकली. खड्ड्यात चांगली काळी माती वीतभर घालायची, पाणी शिंपडायचं, धुम्मसानं ठोकायची, परत वीतभर. आठ वाजता मामाजी छत्री घेऊन आले आणि माती कशी ठोकावी ते सांगू लागले. मी दुसरं धुम्मस त्यांच्या हातात दिलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहुणा नव्हता, म्हणून छत्री खाली ठेवली आणि दहा-बारा ठोके बरे मारले. मी घमेलं घेऊन पाचव्या खड्ड्याकडे गेले.